प्रशिक्षकवर्गाची बांधणी (अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉल)

अमेरिकेतील एखाद्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघावर नवा मुख्य प्रशिक्षक आला, की पहिल्या काही आठवड्यांत तो आपली माणसे जमवतो. आक्रमण आणि बचावाचे समन्वयक, एकेका जागेच्या खेळाडूंना शिकवणारे सहायक, व्यायाम प्रशिक्षक, विश्लेषक आणि खेळाडूभरती पाहणारे कर्मचारी अशी ही फौज असते. येथे फुटबॉल म्हणजे लांबट चेंडूचा, हेल्मेट घालून खेळला जाणारा अमेरिकन फुटबॉल. विद्यापीठ करार करते ते मुख्यतः एका माणसाशी. बाकीच्यांची निवड त्याच्यावर सोपवते आणि पगार तेवढा आपण देते. त्यामुळे ‘सहायकांसाठी एकूण किती पैसे मिळणार’ हा प्रश्न मुख्य प्रशिक्षकाच्या स्वतःच्या पगाराइतक्याच घासाघिशीचा असतो. आधीच्या प्रशिक्षकाचे सहायक बहुधा त्याच्याबरोबरच जातात. नवा माणूस त्यांच्याशी बोलतो, एखाद्याला ठेवून घेतो. इतरांसाठी ती भेट उपचारापुरतीच असते.

मोठ्या विद्यापीठांत मुख्य प्रशिक्षक स्वतः फारसे शिकवत नाही. तो भरतीसाठी खेळाडूंच्या घरी जातो, देणगीदारांना सांभाळतो, पत्रकारांना तोंड देतो आणि शनिवारच्या सामन्यात निर्णय घेतो. क्वार्टरबॅकचे (आक्रमण चालवणाऱ्या मुख्य खेळाडूचे) पाय कसे पडावेत, बचावाच्या फळीने कोणत्या फटीत घुसावे हे रोज सांगणारी माणसे वेगळी असतात. म्हणूनच त्याच्या पहिल्या पत्रकार परिषदेतल्या भाषणापेक्षा त्याने कोणाला बोलावले यावरून त्याचा संघ कसा खेळेल हे अधिक कळते.

कामाची वाटणी कशी झाली

रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात ६ नोव्हेंबर १८६९ रोजी पहिला आंतरविद्यापीठीय सामना झाला, तेव्हा प्रशिक्षक असा कोणी नव्हताच. संघ कर्णधार चालवी. येल विद्यापीठात वॉल्टर कॅम्पच्या काळापासून सल्ला देणारा जुना खेळाडू ही कल्पना रुजली. सहायकांचे आजचे काटेकोर विभाग मात्र बदली खेळाडूंच्या नियमातून आले. १९५३ मध्ये बदलीवर कडक मर्यादा आल्या आणि एकाच खेळाडूला आक्रमणही करावे लागे, बचावही. १९६०च्या दशकाच्या मध्यास त्या मर्यादा उठल्या. आक्रमणाचे ११ वेगळे आणि बचावाचे ११ वेगळे अशी विभागणी पक्की झाली, आणि दोन्हींकडे स्वतंत्र तज्ज्ञ लागू लागले.

महाविद्यालयीन खेळांची राष्ट्रीय संघटना एनसीएए हिने सहायकांच्या संख्येवर अनेक वर्षे लगाम ठेवला होता. सर्वोच्च गटात मुख्य प्रशिक्षकाखाली ९ सहायक चालत. २०१८च्या जानेवारीपासून १० झाले. श्रीमंत विद्यापीठांनी पळवाट शोधली ती ‘विश्लेषक’ या पदाची. या माणसांनी चित्रफिती पाहायच्या, योजना आखायच्या, पण मैदानावर खेळाडूंना शिकवायचे नाही, असा नियम. तो पाळला जातो की नाही हे पाहणे जवळपास अशक्य होते. अखेर २०२४च्या जूनमध्ये शिकवणाऱ्यांच्या संख्येवरची मर्यादाच काढून टाकण्यात आली. भरतीसाठी आवाराबाहेर जाणाऱ्यांची संख्या तेवढी मर्यादित राहिली.

घाईचे दिवस

बांधणीची वेळ अत्यंत गैरसोयीची असते. शाळकरी खेळाडूंनी विद्यापीठाशी करार करण्याचा मुख्य दिवस पूर्वी फेब्रुवारीतला पहिला बुधवार होता. डिसेंबर २०१७ पासून एक आगाऊ मुदत सुरू झाली आणि बहुतेक चांगले खेळाडू तेव्हाच सही करू लागले. २०१८ मध्ये आलेल्या ‘ट्रान्स्फर पोर्टल’ने आधीपासून खेळत असलेल्यांनाही विद्यापीठ बदलण्याची वाट मोकळी केली. प्रशिक्षक बदलला की त्या संघातल्या खेळाडूंसाठी निघून जाण्याची खास मुदतही उघडते. म्हणजे नव्या माणसाला एकाच वेळी असलेले खेळाडू धरून ठेवायचे, येऊ घातलेल्यांना फुटू द्यायचे नाही आणि हे सगळे ज्यांनी करायचे ते सहायकच अजून नेमायचे, अशी कसरत करावी लागते. हंगाम संपायच्या आत प्रशिक्षकाला घरी पाठवण्याची चाल त्यामुळेच वाढली. २०२५ मध्ये पेन स्टेट, फ्लोरिडा आणि एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) या तीन मातब्बर विद्यापीठांनी ऑक्टोबरमध्येच आपापले प्रशिक्षक काढले.

एलएसयूची पुढची गोष्ट या सगळ्या वेळापत्रकाचा वेडेपणा दाखवते. ओल मिस विद्यापीठाचा संघ ११ सामने जिंकून राष्ट्रीय बाद फेरीच्या उंबरठ्यावर असताना त्याचा प्रशिक्षक लेन किफिन याने ३० नोव्हेंबरला एलएसयूची नोकरी घेतली. आगाऊ सह्यांचा दिवस होता ३ डिसेंबर. ओल मिसने किफिनला बाद फेरीत प्रशिक्षण करू दिले नाही आणि बचाव समन्वयक पीट गोल्डिंग याला कायमचे मुख्य प्रशिक्षक केले. आक्रमणाकडचे काही सहायक किफिनबरोबर निघाले होते. त्यांतला समन्वयक चार्ली वाइस धाकटा याच्यासह काही जण बाद फेरीपुरते परत आले. पगार नव्या मालकाचा ठरलेला आणि डावपेच जुन्या संघासाठी, अशा अवस्थेत ओल मिस उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला.

एक जागा रिकामी झाली की धक्का किती दूर जातो याचे उदाहरण २०२४च्या जानेवारीतले आहे. अलाबामा विद्यापीठाचा मुख्य प्रशिक्षक निक सेबन १० जानेवारीला निवृत्त झाला. त्याच्या जागी वॉशिंग्टनहून केलन डीबोअर आला. वॉशिंग्टनने ॲरिझोनाचा जेड फिश उचलला. ॲरिझोनाने सॅन होजे स्टेटचा ब्रेंट ब्रेनन. आणि सॅन होजेने केन निउमाटालोलो. हे सारे त्याच महिन्यात घडले. प्रत्येक जण आपले काही सहायक घेऊन निघाला, म्हणजे चार विद्यापीठांत मिळून कितीतरी कुटुंबांनी शाळेच्या वर्षाच्या मध्यातच बिऱ्हाड हलवले.

कोणाला घ्यायचे

उमेदवारांची छाननी, मुलाखती, तुलना असा रीतसर शोध फार कमी वेळा होतो. बहुतेक मुख्य प्रशिक्षकांच्या मनात, काहींच्या तर कागदावर, एक यादी वर्षानुवर्षे तयार असते. जुने सोबती त्यात सर्वांत वर. आपल्याकडे गौतम गंभीर २०२४ मध्ये भारतीय क्रिकेट संघाचा मुख्य प्रशिक्षक झाल्यावर आयपीएलमधले त्याचे सहकारी अभिषेक नायर, रायन टेन डुशाटे आणि मॉर्ने मॉर्केल मागोमाग आले, तसाच हा प्रकार. फक्त माणसे दहापट. यामागे निव्वळ मैत्री नसते. प्रत्येक प्रशिक्षकाची डावांची स्वतःची सांकेतिक भाषा असते. ती आधीच येणारे चार सहायक हाताशी असले, तर वसंतातल्या सरावात पहिल्या दिवसापासून शिकवता येते.

याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण कर्ट सिग्नेटी. २००७ मध्ये सेबनने अलाबामात सहायकांची पहिली फळी उभी केली तेव्हा सिग्नेटी तिच्यात होता. पुढे त्याने लहान विद्यापीठांत स्वतःचे संघ घडवले आणि २०२३च्या नोव्हेंबरअखेर जेम्स मॅडिसन विद्यापीठातून तो इंडियानाला आला. इंडियाना हे तोवर पराभवांच्या विक्रमासाठी ओळखले जाणारे नाव. आक्रमण समन्वयक माइक शॅनहन, बचाव समन्वयक ब्रायंट हेन्स आणि इतर सहायकांबरोबर जेम्स मॅडिसनचे डझनभर खेळाडूही त्याच्यामागून आले. मोठ्या गटात मोठी नावे हवीत, हा सल्ला त्याने मानला नाही. पहिल्याच हंगामात ११ विजय मिळाले आणि जानेवारी २०२६ मध्ये इंडियाना अपराजित राहून राष्ट्रीय विजेता झाला. त्यानंतर ‘आपलीच माणसे आणा’ हा पक्ष वजनदार झाला असला, तरी असे करून फसलेल्यांची यादी पुष्कळ लांब आहे. तिच्याविषयी कोणी लिहीत नाही इतकेच.

दुसरी तऱ्हा म्हणजे नाव असलेला माणूस. डिऑन सँडर्सने २०२२च्या डिसेंबरात मुख्य प्रशिक्षक म्हणून कोलोराडोला येताच केंट स्टेटचा चालू मुख्य प्रशिक्षक शॉन लुइस याला आक्रमण समन्वयक केले. मुख्य पद सोडून सहायक होणे तेव्हा उतरती पायरी वाटे. आता तसे राहिलेले नाही. चिप केली २०२४ मध्ये यूसीएलएचे मुख्य पद सोडून ओहायो स्टेटमध्ये रायन डे याच्या हाताखाली गेला. डे हा न्यू हॅम्पशरमध्ये त्याच केलीच्या तालमीत क्वार्टरबॅक म्हणून खेळलेला. त्या हंगामात ओहायो स्टेट राष्ट्रीय विजेता झाला.

तिसरी तऱ्हा सेबनची, आणि ती सर्वांत धूर्त. कुठून तरी काढून टाकलेल्या मुख्य प्रशिक्षकांना तो विश्लेषक वा समन्वयक म्हणून आसरा देई. किफिन आणि स्टीव्ह सार्किसियन हे दोघेही असेच आलेले. टेनेसीने काढलेला बुच जोन्स अलाबामात वर्षाला अवघ्या ३५,००० डॉलरवर राबला. टेनेसीकडून त्याला करारभंगाचे लाखो डॉलर येत होते आणि नवी कमाई वाढली असती तर ती त्यातून वजा झाली असती. थोडक्यात, प्रतिस्पर्ध्याच्या पैशावर सेबनला अनुभवी डोके मिळाले. २०१७च्या जानेवारीत किफिन दुसरीकडे मुख्य प्रशिक्षक म्हणून निघाला, तेव्हा अंतिम सामन्याच्या आठवड्यातच सेबनने सार्किसियनला त्याच्या जागी बसवले. सामना मात्र क्लेमसनने ३५–३१ असा जिंकला.

जमवलेली फळी टिकेलच असेही नाही. डीबोअरबरोबर अलाबामाला आलेला रायन ग्रब हा त्याचा स्यू फॉल्समधल्या छोट्या विद्यापीठापासूनचा सोबती. महिना उलटायच्या सुमारास, एकही सामना न खेळता, तो सिएटल सीहॉक्स या व्यावसायिक संघाकडे गेला. वर्षभराने तो परतलाही.

व्यायाम प्रशिक्षक आणि जनरल मॅनेजर

बाहेरच्यांना समन्वयकांची नावे दिसतात. जाणकार आधी व्यायाम प्रशिक्षकाचे नाव पाहतात. हंगामाबाहेर मैदानी सरावाच्या तासांवर नियमांचे बंधन असल्यामुळे जानेवारी ते जुलै या काळात खेळाडूंचा सर्वाधिक वेळ वजनांच्या खोलीत जातो. नव्या राजवटीची शिस्त तिथेच पहाटे मुरवली जाते. सेबनने २००७ मध्ये एलएसयूच्या दिवसांपासून माहीत असलेल्या स्कॉट कॉक्रनला आणले, ते याच हिशोबाने.

जनरल मॅनेजर हे पद अगदी अलीकडचे. २०२५च्या जुलैपासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले. पहिल्या वर्षी सर्व खेळ मिळून कमाल मर्यादा २.०५ कोटी डॉलर होती. हा पैसा कोणाला किती द्यायचा हे पाहायला माणूस हवा. स्टॅनफर्डने आपला माजी क्वार्टरबॅक अँड्र्यू लक याला नेमले, आणि मुख्य प्रशिक्षक त्याच्या अखत्यारीत आला. काही ठिकाणी तरी नव्या प्रशिक्षकाच्या आधीच वरची माणसे ठरलेली असतात, हा जुन्या पद्धतीतला मोठा बदल होय.

समन्वयकांचे पगारही वाढले. एलएसयूने २०१८ मध्ये डेव्ह अरांडाला बचाव समन्वयक म्हणून वर्षाला सरासरी २५ लाख डॉलर दिले, तेव्हा डोळे विस्फारले होते. २०२५ मध्ये जिम नोल्स ओहायो स्टेटबरोबर विजेतेपद मिळवून लगेच त्याहून मोठ्या रकमेवर पेन स्टेटला गेला. तळाशी मात्र पदव्युत्तर विद्यार्थी असलेले सहायक तुटपुंज्या मानधनावर रात्रभर चित्रफिती कापत बसतात. दर जानेवारीत अमेरिकन फुटबॉल कोचेस असोसिएशनच्या अधिवेशनात हॉटेलच्या लॉबीत अशांची गर्दी असते. व्याख्यानांपेक्षा ओळखी काढण्यासाठी.

वाद

ओळखीवर चालणाऱ्या या व्यवहारात नातलगही येतातच. व्यावसायिक फुटबॉलमधला नामांकित प्रशिक्षक बिल बेलिचेक २०२४च्या डिसेंबरात नॉर्थ कॅरोलायनाला मुख्य प्रशिक्षक म्हणून आल्यावर मुलगा स्टीव्ह बचाव समन्वयक झाला. आयोवात मुख्य प्रशिक्षक कर्क फेरेंट्झच्या हाताखाली मुलगा ब्रायन आक्रमण पाही. नातलगांविषयीच्या विद्यापीठाच्या नियमामुळे कागदोपत्री त्याचा वरिष्ठ वडील नसून क्रीडा संचालक होता. २०२३ मध्ये त्याच्या करारात सामन्यामागे सरासरी २५ गुणांची अट घातली गेली. ती गाठण्याची चिन्हे दिसेनात, तेव्हा हंगामाच्या मध्यातच त्याला पुढच्या वर्षी ठेवणार नसल्याचे जाहीर झाले. त्याच मोसमात आयोवाने १० सामने जिंकले आणि बचाव समन्वयक फिल पार्कर याला देशातील उत्कृष्ट सहायकाचा ब्रॉइल्स पुरस्कार मिळाला.

अधिक खोल तक्रार वर्णाची आहे. कृष्णवर्णीय सहायकांना खेळाडूभरती आणि चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूंचे प्रशिक्षण यांतच अडकवून ठेवायचे आणि समन्वयकाची पदे, जिथून मुख्य प्रशिक्षक होता येते, ती इतरांना द्यायची, ही रीत दीर्घकाळ चालली. दक्षिणेतल्या बलाढ्य एसईसी गटात पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक, मिसिसिपी स्टेटचा सिल्व्हेस्टर क्रूम, नेमला गेला तो २००३च्या डिसेंबरात. ऑरेगन राज्याने २००९ मध्ये कायदा करून सरकारी विद्यापीठांना मुख्य प्रशिक्षकाच्या जागेसाठी अल्पसंख्याक समाजातील किमान एका उमेदवाराची मुलाखत बंधनकारक केली.