‘कॉन्ट्रा’: पुस्तिकेविना आलेले युद्ध

बऱ्याच वर्षांनी ‘कॉन्ट्रा’ हा व्हिडिओ गेम पुन्हा खेळायला घेतला, तेव्हा पहिल्याच टप्प्यावरच्या जंगलात मी गोळ्या झाडायचे सोडून झाडांच्या पानांकडे पाहत राहिलो. पाने हलत होती. लहानपणी ती हलल्याचे मला मुळीच आठवत नव्हते, आणि चूक माझ्या आठवणीची की फरक खेळातलाच, हे पाहायचे तर या खेळाच्या जन्मापासून सुरुवात करावी लागते.

जपानच्या कोनामी कंपनीने हा खेळ १९८७ साली आधी नाणे टाकून खेळायच्या यंत्रासाठी काढला आणि पुढच्याच वर्षी निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावर आणला. नाव त्या काळच्या बातम्यांतले होते. निकाराग्वातील सँडिनिस्टा सरकारविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांना ‘कॉन्ट्रा’ म्हणत, आणि इराणला शस्त्रे विकून आलेला पैसा अमेरिकी अधिकाऱ्यांनी गुपचूप त्यांच्याकडे वळवल्याचे प्रकरण १९८६च्या अखेरीस उघडकीस आले होते. मूळ खेळाच्या शेवटी वाजणाऱ्या संगीताचे नावच ‘सँडिनिस्टा’ आहे, त्यामुळे हा योगायोग मानणे कठीण जाते. तरीही पडद्यावर निकाराग्वा कुठेच नाही. उघड्या अंगाचे दोन जवान, ‘रेड फाल्कन’ नावाचा शत्रू आणि आठव्या टप्प्यावर परग्रहवासीयांच्या गुहेत धडधडणारे एक भले मोठे हृदय, असा सगळा मामला आहे. बातमीतून नाव घेतले, बाकीचे हॉलिवूडच्या मारधाडपटांतून उचलले. वेष्टनावरचे चित्र बॉब वेकलिन या ब्रिटिश चित्रकाराचे असून त्यातले दोघे श्वार्झनेगर आणि स्टॅलोन यांच्यावर बेतलेले आहेत, हे पाहताक्षणी कळते.

हे युद्ध कुठले, हेही देशागणिक बदलत गेले. जपानी कथेत ते २६३३ साली न्यूझीलंडजवळच्या एका काल्पनिक द्वीपसमूहावर होते. अमेरिकी पुस्तिकेने ते उचलून वर्तमानकाळात, ॲमेझॉनच्या जंगलात नेले. युरोपात तर जर्मनीतील कडक नियमांमुळे माणसांच्या जागी यंत्रमानव आले आणि खेळाचे नाव ‘प्रोबोटेक्टर’ झाले.

आपल्याकडे यातली एकही कथा पोहोचली नाही, कारण आपल्याकडे पुस्तिकाच नव्हती. ‘लिटल मास्टर’, ‘टर्मिनेटर’ अशा नावांनी घरोघरी आलेली यंत्रे निन्टेन्डोच्या १९८३च्या जपानी ‘फॅमिकॉम’ची नक्कल होती, आणि त्यांत बसणाऱ्या कॅसेटवर (कार्ट्रिज हा शब्द आम्ही फार उशिरा ऐकला) शेकडो किंवा लाखो खेळांचा दावा छापलेला असला, तरी आत तेच ते दहा-बारा खेळ फिरून फिरून यायचे. कॅसेट काढून फुंकर मारायची, पुन्हा दाबून बसवायची, टीव्हीचे चॅनल जुळवायचे, की थेट जंगल. कोण कोणाशी आणि का लढतो आहे, हे विचारण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. भांडणे झाली ती तिसऱ्या टप्प्यावरच्या धबधब्यापाशी: पुढचा गडी घाईने वर चढला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेल्याचा जीव विनाकारण जातो. मिळतात तीनच जीव. तीस हवे असतील तर वर-वर-खाली-खाली-डावे-उजवे-डावे-उजवे-बी-ए अशी ओळीने बटणे दाबायची, ही गुरुकिल्ली. ती कोनामीच्याच काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६च्या ‘ग्रॅडिअस’ या दुसऱ्या खेळाची चाचणी घेताना स्वतःच्या सोयीसाठी बसवली होती, कारण तो खेळ त्यांनाच झेपत नव्हता.

आता पानांकडे वळू. जपानी प्रतीत कोनामीने स्वतःची एक खास चिप घातली होती, जिच्यामुळे चित्रे झटपट बदलता येत. म्हणून तिथे जंगलातली पाने डोलतात, पाचव्या टप्प्यावर बर्फ उडतो आणि टप्प्यांच्या मध्ये नकाशाही दिसतो. अमेरिकेत निन्टेन्डो इतर कंपन्यांना त्यांनी बनवलेल्या चिप वापरू देत नसल्यामुळे तिथली प्रत अशी खास चिप नसलेल्या साध्या पाटीवर (कॅसेटच्या आतल्या सर्किट बोर्डवर) उतरवावी लागली आणि पाने, बर्फ, नकाशा सगळेच गळाले. नक्कल करणाऱ्यालाही अशी साधी पाटीच परवडली असणार, असा माझा कयास आहे. म्हणजे आमचे यंत्र जपानी घाटाचे असले, तरी त्यातला ‘कॉन्ट्रा’ बहुधा अमेरिकी होता. खात्री करण्यासाठी मग अमेरिकी प्रत लावून पाहिली, तर त्या जंगलातली पाने लहानपणी होती तशीच स्तब्ध उभी होती.