किडनीचा त्रास असेल तर ताक चालतं का?

उन्हाळा लागला, जळगाव-भुसावळला पारा ४५ कडे सरकला की व्हॉट्सॲपवर तेच फॉरवर्ड फिरायला लागतं, रोज तांब्याभर ताक प्या, किडनी धुऊन निघते. किडनी अशी कशानेच धुऊन निघत नाही हो. ज्याची किडनी ठणठणीत आहे त्याने खुशाल प्यावं, पण क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, तो वाढला म्हणजे किडनी नीट गाळत नाही) वाढलेल्या माणसाचं गणित वेगळं, आणि त्यात मुख्य भानगड फॉस्फरसची.

२०० मिली दुधात साधारण १८० ते २०० मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. फॉस्फरस वाढलेल्या पेशंटला दिवसभरात ८०० ते १००० च्या आत राहायला सांगतात. जास्तीचा फॉस्फरस लघवीतून काढते किडनी, पण काढ म्हणून सांगतं कोण? हाडं! मला तर हा प्रकार जबरदस्त वाटतो. हाडातल्या पेशी एफजीएफ-२३ नावाचं हार्मोन सोडतात, ते किडनीच्या पेशीवरच्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं, पण तिथे क्लोथो नावाचं प्रोटीन सोबतीला लागतं, दोघं जमले की किडनीच्या बारीक नळ्यांमधून फॉस्फेट, म्हणजे शरीरातला फॉस्फरस ज्या रूपात असतो ते, परत रक्तात ओढणारे ट्रान्सपोर्टर कमी होतात आणि फॉस्फेट लघवीत जातं. वर तेच हार्मोन व्हिटॅमिन डीचं ॲक्टिव्ह रूप कमी करतं, म्हणजे आतड्यातूनही फॉस्फेट कमी शोषलं जातं. किडनी खराब होत गेली की क्लोथो घटतं, मग कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्याशी आपण जसं आवाज चढवून बोलतो तसं हाड हार्मोन वाढवत नेतं. त्यामुळे रिपोर्टमध्ये फॉस्फरस बराच काळ नॉर्मल दिसतो आणि माणूस निर्धास्त राहतो, पण व्हिटॅमिन डी कमी पडल्याने पॅराथायरॉइड हार्मोन वाढून हाडं झिजतात, वाढलेल्या एफजीएफ-२३ चा संबंध हृदयाची भिंत जाड होण्याशीही दिसलाय.

मलई काढलेलं दूध किडनीला हलकं, असंही म्हणतात. तसं नाही, फॉस्फरस फॅटमध्ये नसतो, तो केसिन प्रोटीनसोबत खालीच राहतो.

ताक त्यामानाने बरं, कारण त्यात पाणी जास्त, म्हणून ग्लासामागे फॉस्फरस कमी. पण डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर ताकही त्यातच मोजायचं. मीठ नको, आणि सैंधव चालतं हा गैरसमज आहे, तेही सोडियम क्लोराइडच. लो-सोडियम मिठात तर बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइड असतं, पोटॅशियम वाढलेल्याला ते धोक्याचं. आपल्या रावेर-यावलच्या केळ्यांचं शिकरणही अशा पेशंटला नकोच, एका केळ्यात ४०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम आणि वाटीभर दुधाचं वेगळं.

डायलिसिसवाल्यांना उलट प्रोटीन जास्त लागतं, त्यांचं दूध-दही घरच्यांनी परस्पर तोडू नये, किती ते डाएटिशियनला रिपोर्ट दाखवून ठरवावं.

सगळ्यात वाईट म्हणजे पाकिटातली फ्लेवरवाली दुधाची पेयं. दुधातला फॉस्फरस साधारण ४० ते ६० टक्के शोषला जातो, वरून घातलेली फॉस्फेटं ९० टक्क्यांच्या पुढे. पाकिटावर फॉस्फरसचा आकडा बहुधा नसतोच, म्हणून मागे बारीक अक्षरात ३३९, ३४०, ४५०, ४५१, ४५२ यातला नंबर, म्हणजे घातलेल्या फॉस्फेटचा कोड, दिसतो का ते बघा, दिसला तर पाकीट परत ठेवा.