एक्स-कॉर्पोरेशन आणि एक्स-कॉर्प: नावे सारखी, कामे वेगळी

मे 2021 मध्ये अमेरिकी कॉमिक्स प्रकाशक मार्व्हलने ‘एक्स-कॉर्प’ या मालिकेचा पहिला अंक प्रसिद्ध केला, तेव्हा एक्स-मेन या सुपरहिरो कथांच्या जुन्या वाचकांपैकी अनेकांना आपण हे नाव ओळखतो असे वाटले, आणि तिथूनच गोंधळाला सुरुवात झाली. 2002 मध्ये लेखक ग्रँट मॉरिसन यांच्या ‘न्यू एक्स-मेन’ मध्ये ‘एक्स-कॉर्पोरेशन’ नावाची संस्था आली होती आणि तिचेही नाव वाचकांच्या तोंडी एक्स-कॉर्प असेच रुळले होते. नवी मालिका म्हणजे त्याच संस्थेचे पुनरागमन अशी समजूत करून घेऊन ती वाचणाऱ्याची निराशा होणे अटळ होते, आणि माझ्या मते नव्या मालिकेवर झालेल्या टीकेचा बराच भाग या समजुतीतून आलेला आहे. दोन्ही संस्था म्युटंट, म्हणजे जन्मतः अलौकिक शक्ती असलेली माणसे, चालवतात आणि काही माणसेसुद्धा दोन्हीकडे तीच आहेत, परंतु पहिली संस्था मदत करते आणि दुसरी माल विकते.

मराठी वाचकाला हा फरक एका शब्दावरून पटकन कळू शकेल. मुंबईत कोणी ‘कॉर्पोरेशनमध्ये नोकरीला आहे’ असे म्हणाले, तर ऐकणाऱ्याच्या मनात खाजगी कंपनी येत नाही, महापालिका येते: दवाखाना, शाळा, पाण्याची तक्रार, वॉर्डातले कार्यालय. मॉरिसन यांची एक्स-कॉर्पोरेशन स्वभावाने या अर्थाच्या जवळची आहे, आणि तिच्या नावावरून नफ्याचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते.

ती संस्था कशातून उभी राहिली हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे रूप उलगडते. मॉरिसन यांनी 2001 मध्ये लेखन हाती घेताच जेनोशा या बेटावरील 1 कोटी 60 लाख म्युटंटांचा संहार दाखवला, आणि त्यानंतर लगेचच खलनायिका कॅसँड्रा नोव्हाने एक्स-मेनचा संस्थापक चार्ल्स झेवियर याच्या शरीराचा ताबा घेऊन दूरचित्रवाणीवर तो म्युटंट असल्याचे जगजाहीर केले. इतकी वर्षे जपलेले गुपित असे फुटल्यावर लपून राहण्यात अर्थ उरला नव्हता. झेवियरने मग उघडपणे काम करण्याचा मार्ग धरला, आणि जगातल्या मोठ्या शहरांत शाखा काढून संकटात सापडलेल्या म्युटंटांना आसरा, संरक्षण आणि आवाज देण्याचे काम एक्स-कॉर्पोरेशनकडे आले. पॅरिसची शाखा आपल्याला सगळ्यात जवळून दिसते: तिथे जेमी मॅड्रॉक्स, मोने सेंट क्रॉय, सायरिन, रिक्टर, कॅननबॉल आणि रशियाची डार्कस्टार अशी मंडळी आहेत, आणि इंग्लिश चॅनलखालच्या बोगद्यातील रेल्वेगाडीवर ओढवलेल्या संकटात डार्कस्टार प्राण गमावते. तिने कंपनीचे हित सांभाळताना जीव दिलेला नाही, संकटाच्या जागी धावून जाताना दिला आहे, आणि 2002 च्या संस्थेची प्रकृती त्या एका मृत्यूत पुरती दिसते.

आपल्याला जिव्हाळ्याची गोष्ट अशी की या संस्थेची एक शाखा मुंबईत होती. ‘न्यू एक्स-मेन’ च्या 133 व्या अंकात झेवियर आणि एक्स-मेनमधली जीन ग्रे मुंबईच्या शाखेत येतात, आणि त्याच अंकात सुराया कादिर ही अफगाण मुलगी, जी पुढे ‘डस्ट’ म्हणून ओळखली गेली, वाचकांसमोर पहिल्यांदा येते. कोलकात्याचा नील शारा, म्हणजे थंडरबर्ड, याच शाखेत काम करत होता. अमेरिकी सुपरहिरो कथांमध्ये भारत एरवी साधू, हत्ती आणि देवळे यांपुरता येतो. तिथे आपल्या शहरात एक चालते कार्यालय दाखवले गेले, याचे त्या वेळी मला फार अप्रूप वाटले होते आणि आजही वाटते. 2005 नंतरच्या कथांत जगातील म्युटंटांची संख्या काहीशेवर आली, आणि एवढ्या मोठ्या शाखांच्या जाळ्याला कथेत जागा राहिली नाही.

आणखी एका नावाचा इथे उल्लेख करणे भाग आहे, कारण गोंधळात तेही भर घालते. त्याच 2002 च्या सुमारास, त्याच पॅरिसमध्ये, ‘अनकॅनी एक्स-मेन’ मध्ये बॅन्शी या जुन्या एक्स-मेन सदस्याने एक गणवेशधारी दल उभे केले होते. रोमन लिपीत त्या दलाच्या नावाला 2021 च्या मालिकेच्या नावापेक्षा एक अक्षर जास्त आहे, म्हणून डोळा सहज फसतो. देवनागरीत मात्र ते ‘एक्स-कोर’ असे लिहावे लागते, सैन्यातली कोर असते ना, तोच तो शब्द, आणि घोटाळ्याला जागाच राहत नाही. प्रेयसी मॉयराच्या मृत्यूने खचलेल्या बॅन्शीने ते दल शिस्तीच्या जोरावर चालवले, काही गुन्हेगारांना त्यांच्या मनावर ताबा ठेवून कामाला लावले, आणि रूप बदलणाऱ्या मिस्टीकने आतूनच त्याचा घात केला. या दलाचा पुढच्या कंपनीशी संबंध इतकाच, की मॅड्रॉक्स आणि मोने हे दोघे तिथेही होते.

2021 ची एक्स-कॉर्प मात्र शब्दशः कंपनी आहे. तिला संचालक मंडळ आहे, प्रतिस्पर्धी आहेत, करार आहेत आणि बाजारात सांभाळायची पत आहे. टिनी हॉवर्ड यांनी लिहिलेल्या आणि आल्बेर्तो फोचे यांनी चित्रित करायला घेतलेल्या या मालिकेची पार्श्वभूमी 2019 च्या ‘हाऊस ऑफ एक्स’ मध्ये तयार झालेली होती. जोनाथन हिकमन यांच्या त्या कथेत क्राकोआ बेटावर म्युटंटांचे राष्ट्र स्थापन होते आणि ते जगापुढे तीन औषधे ठेवते: एक आयुष्य पाच वर्षांनी वाढवणारे, एक सर्व संसर्गांवर चालणारे प्रतिजैविक आणि एक मनाचे आजार बरे करणारे. ही औषधे जहाजांतून पोहोचवण्याचे काम हेलफायर ट्रेडिंग कंपनीकडे आहे, जी ‘मरॉडर्स’ मालिकेत दिसते. तिलाच एक्स-कॉर्प समजणारे वाचकही मला भेटले आहेत. मालाची ने-आण हेलफायरकडे, आणि बाहेरच्या उद्योगजगताशी व्यवहार एक्स-कॉर्पकडे, अशी ढोबळ विभागणी मनात ठेवली तर पुरते.

कंपनीच्या प्रमुखपदी मोने सेंट क्रॉय आणि वॉरेन वर्दिंग्टन आहेत, आणि ही निवड विचारपूर्वक केलेली आहे. दोघेही जन्मजात श्रीमंत, दोघेही देखणे, आणि दोघांच्याही आत एक दुसरे शरीर दडलेले: मोने रागावली की तिची त्वचा लाल आणि हिऱ्यासारखी कठीण होऊन ती पेनन्स बनते, तर वॉरेनच्या पांढऱ्या पिसांच्या जागी धातूचे पाते असलेले पंख येऊन तो आर्केंजल होतो. बैठकीच्या मेजाशी इस्त्रीच्या कपड्यांत बसलेली ही दोन माणसे कोणत्याही क्षणी अशी पालटू शकतात, ही कल्पना मालिकेतील सर्वांत मजबूत आहे, आणि ज्या वाचकांनी मालिकेची बाजू घेतली त्यांनी बहुधा मोनेला अखेर अग्रस्थान मिळाल्याचा आनंद व्यक्त केला.

विरोधात बोलणाऱ्यांचे आक्षेप एका जातीचे नव्हते. काहींना चित्रांचा दर्जा घसरलेला वाटला, आणि योगायोगाने 2002 च्या पॅरिसच्या कथेलाही हाच आक्षेप सोसावा लागला होता, जिथे चित्रकार इगोर कोर्डे यांना अत्यंत अपुऱ्या वेळात पाने पुरी करावी लागली होती. काहींना व्यापारी परिभाषा आणि मजकुरांनी भरलेली तक्त्यांची पाने जड गेली. हा आक्षेप मला मान्य आहे, कारण पहिल्या अंकात कंपनी नेमके काय विकते हे समजायला दोनदा पाने उलटावी लागतात. सर्वांत मोठ्याने मांडला गेलेला आक्षेप मात्र तत्त्वाचा होता: ज्या बेटावर घरे जमिनीतून उगवतात आणि मेलेली माणसे पुन्हा जिवंत केली जातात, तिथल्या लोकांनी भांडवलदारांच्या खेळात कशाला उतरावे? हा प्रश्न मनापासून विचारलेला आहे, परंतु तो एक्स-कॉर्पला विचारणे मला अन्यायाचे वाटते. क्राकोआने ‘हाऊस ऑफ एक्स’ च्या पहिल्याच अंकात आपल्या सार्वभौमत्वाची मान्यता औषधांच्या बदल्यात मिळवायला घेतली होती. म्हणजे त्या राष्ट्राचा पायाच देवघेवीवर घातलेला होता, आणि 2021 च्या मालिकेने त्या पायावरची माती बाजूला केली एवढेच. जे वाचक झेवियरच्या जुन्या मदतकेंद्रांची अपेक्षा धरून आले, त्यांना हा व्यापार फितुरीसारखा भासला. कथेने स्वतः तशी अपेक्षा कुठेही दिलेली नव्हती.

मालिकेने खरी संधी दवडली ती तिच्या माणसांच्या बाबतीत. संचालक मंडळावरच्या ट्रायनरीचे उदाहरण घ्या. टॉम टेलर आणि महमूद असरार यांनी 2018 च्या ‘एक्स-मेन रेड’ मध्ये आणलेली ही भारतीय तरुणी यंत्रांशी मनाने बोलते, आणि धनिकांचा पैसा काढून तो स्त्रियांच्या खात्यांत वळवत स्त्री-पुरुषांच्या वेतनातील तफावत भरून काढल्याबद्दल तिला कैद झाली होती. अशी मुलगी एका बलाढ्य कंपनीच्या मेजाशी येऊन बसते, तेव्हा तिच्या मनात काय चालले असेल हे जाणून घेण्याची मला उत्कंठा होती, आणि तिच्या बाजूने लिहिणाऱ्या वाचकांनीही हेच मागितले होते. मालिकेने तिला तंत्रज्ञानाचा विभाग दिला, पण तो विचार तिच्या तोंडून पुरेसा येऊ दिला नाही.

मॅड्रॉक्सचेही तसेच. कोर, कॉर्पोरेशन आणि कॉर्प या तिन्ही ठिकाणी नोकरी केलेला हा माणूस चुटकी वाजवतो किंवा पाय आपटतो आणि त्याच्या शेजारी दुसरा मॅड्रॉक्स उभा राहतो. पॅरिसमध्ये ही शक्ती अनेक जागी एकाच वेळी मदतीला धावण्यासाठी उपयोगी होती. एक्स-कॉर्पमध्ये त्याच चुटकीतून कामगारवर्ग तयार होतो, आणि प्रत्येक प्रत परत त्याच्यात मिसळली की तिचा दिवसभराचा शीण आणि तिच्या आठवणी त्याच्या एकट्याच्या अंगात उतरतात. त्या प्रतींना पगार द्यायचा का, आणि रजा कोणी घ्यायची, हे प्रश्न सप्टेंबर 2021 मध्ये पाचव्या अंकावर मालिका संपली तेव्हा तसेच राहिले.