चांदी काळी पडली नाही, एवढ्यावरून अळंबी खाऊ नका

रानातली अळंबी शिजवताना भांड्यात चांदीचं नाणं टाकायचं. ते काळं पडलं तर अळंबी विषारी, नाही तर बिनधास्त खा. हा सल्ला पिढ्यानपिढ्या चालत आलाय आणि तो साफ चुकीचा आहे. चांदी काळवंडते ती गंधकाच्या संयुगांमुळे. उकडलेल्या अंड्यानेही काळवंडते. ‘डेथ कॅप’ ही अत्यंत घातक अळंबी. तिच्यातलं अमाटॉक्सिन हे विष चांदीला डागही लावत नाही.

किड्यांनी खाल्लेली अळंबी चालते, हाही त्यातलाच प्रकार. गोगलगायी डेथ कॅप मजेत खातात. शिजवून किंवा वाळवूनही हे विष जात नाही. चवीवर तर अजिबात जाऊ नका, विषबाधेतून वाचलेल्यांनी ती रुचकर असल्याचंच सांगितलंय!

खरा दगा वेळेचा. खाल्ल्यावर साधारण ६ ते १२ तास काहीच जाणवत नाही. मग उलट्या-जुलाब. ते थांबले की माणसाला बरं वाटू लागतं, आणि नेमकं तेव्हाच आत यकृत निकामी होत असतं.

ओळखायची तर अळंबी वरून खुडू नका, बुडापासून उकरा. डेथ कॅपच्या बुडाशी पांढरी पिशवी असते आणि खुडल्यावर ती मातीतच राहते. छत्रीखालचे पापुद्रे पांढरे, दांड्यावर बहुधा कडं. कोवळेपणी ती अंड्यासारखी दिसते. उभी चिरली की आत छत्रीचा आकार दिसतो. अर्थात पावसाने कडं गळूनही पडतं. त्यामुळे प्रत्यक्ष हातात घेऊन पाहणारा जाणकार नसेल, तर खाऊ नका. खाऊन झाली असेल तर त्रासाची वाट न पाहता उरलेली अळंबी घेऊन थेट दवाखाना गाठा.