रोगप्रतिकार यंत्रणेचे विकार

रोगप्रतिकार यंत्रणेचे विकार : रक्त, अस्थिमज्जा, प्लीहा, लसिकाग्रंथी आणि छातीच्या हाडामागची यौवनलोपी ग्रंथी (थायमस) यांत पसरलेल्या प्रतिकार यंत्रणेच्या कामात बिघाड झाल्यामुळे होणारे रोग. बाहेरून आलेले ओळखणे, त्याचा बंदोबस्त करणे आणि काम झाल्यावर थांबणे, ही या यंत्रणेची कामे. पहिले चुकले तर ती स्वतःच्याच शरीरावर उलटते, दुसरे चुकले तर साधे जंतूही जिवावर बेततात, तिसरे चुकले तर रोगापेक्षा प्रतिकाराचाच त्रास जास्त होतो. ही विभागणी समजुतीपुरती आहे. एकाच रुग्णात तिन्ही दोष एकत्र दिसू शकतात.

संज्ञा : मराठीत रोगप्रतिकारशक्ती, रोगप्रतिकारक्षमता आणि प्रतिरक्षा असे तीन शब्द चालतात. ‘प्रतिरक्षा’ हिंदीच्या वाटेने आलेला दिसतो. बोलण्यात मात्र ‘शक्ती’चेच राज्य आहे. ठाण्यातल्या वा वाशीतल्या कोणत्याही दवाखान्याच्या बाकावर ‘हिची प्रतिकारशक्तीच कमी आहे हो’ हे वाक्य कानावर पडते. शक्ती म्हटले की ती कमी किंवा जास्त, एवढेच मनात येते आणि उपाय म्हणून ती ‘वाढवण्याची’ औषधे आणली जातात. ल्युपस (यंत्रणा शरीराच्या अनेक अवयवांवर उलटण्याचा विकार), आमवात, हाशिमोटोचा थायरॉइडदाह, पहिल्या प्रकारचा मधुमेह या विकारांत शक्ती कमी झालेली नसते, आवर सुटलेला असतो. असा रुग्ण ‘शक्तिवर्धक’ घेत मूळचे औषध लांबणीवर टाकतो, तेव्हा शब्दाची चूक शरीराला भोवते. म्हणून या नोंदीत ‘यंत्रणा’ हाच शब्द वापरला आहे.

कुष्ठरोगाचा दाखला : प्रतिकारातला बिघाड म्हणजे काय, हे कुष्ठरोगाइतके स्पष्ट दुसऱ्या कोणत्याही रोगात दिसत नाही. नवी मुंबईच्या संशोधन परंपरेची मुळेही याच रोगाशी जोडलेली आहेत. जंतू एकच, हान्सेन यांनी १८७३ मध्ये पाहिलेला. पण एका रुग्णाच्या अंगावर एखाददुसरा बधिर चट्टा असतो आणि त्यात जंतू शोधूनही सापडत नाहीत, तर दुसऱ्याच्या कानाच्या पाळ्या आणि चेहरा जाड होतो व त्वचेत जंतूंचे थवे असतात. रिडले आणि जॉपलिंग यांनी १९६० च्या दशकात या दोन टोकांमध्ये पाच पायऱ्यांची मांडणी केली, ती आजही वापरात आहे. पायरी ठरते ती रुग्णाच्या पेशींच्या प्रतिसादावरून. जंतूंनी भरलेल्या रुग्णाची यंत्रणा सरसकट दुबळीही नसते. इतर बहुतेक जंतूंना ती व्यवस्थित तोंड देते, फक्त या एका जंतूपुढे गप्प बसते.

याची उलटी बाजू अधिक क्लेशकारक आहे. औषधे सुरू झाल्यावर काही रुग्णांत प्रतिकार अचानक जागा होतो. जुने चट्टे लाल होऊन फुगतात आणि कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी मज्जातंतूची शीर बोटाला दोरीसारखी जाड लागते, दाबली की रुग्ण कळवळतो. वेळेवर स्टेरॉइड दिले नाही तर करंगळी आणि अनामिका वाकडी होऊन तशीच राहते. तो हात जंतूंनी नव्हे, प्रतिकाराने निकामी केलेला असतो. पनवेलजवळ नेरे येथील शांतिवनासारख्या संस्थांनी ज्यांना आधार दिला, त्यांची व्यंगे पाहताना हे ध्यानात ठेवावे.

आयसीआरसी जंतूचा वाद : परळ येथे १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. व्ही. आर. खानोलकर हे त्याचे पहिले संचालक. याच संस्थेचे पुढे कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट असे नामांतर झाले आणि २००२ च्या सुमारास ती खारघरला, टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक या कर्करोग उपचार व संशोधन केंद्राच्या आजच्या आवारात आली. १९५८ मध्ये कमल रणदिवे, सी. व्ही. बापट आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या गाठीतून काढलेला एक आम्लस्थिर (रंगवल्यावर आम्लानेही रंग न सोडणारा) जंतू प्रयोगशाळेत वाढवल्याचे प्रसिद्ध केले. संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला आयसीआरसी जंतू म्हणतात. कुष्ठाचा खरा जंतू कृत्रिम माध्यमात आजवर कोणालाही वाढवता आलेला नाही. तो उंदराच्या पंजात किंवा आर्माडिलो या प्राण्यात वाढवावा लागतो. त्यामुळे हा जंतू कोणता, हा प्रश्न लगेच उभा राहिला. तो कुष्ठजंतूचेच बदललेले रूप असावे, असे एक मत होते. दुसऱ्या मतानुसार तो पर्यावरणात आढळणाऱ्या एव्हियम-इंट्रासेल्युलेअर गटातला असून गाठीत सोबतीने आला असावा. पुढच्या तपासण्यांचा कल दुसऱ्या मताकडे आहे आणि तेच अधिक ग्राह्य वाटते.

ओळख चुकली तरी उपयोग चुकला नाही, ही या प्रकरणातली लक्षणीय गोष्ट. दोन्ही जंतूंत सामाईक प्रतिजन, म्हणजे यंत्रणा ज्यांवरून जंतू ओळखते ते रेणू, असल्याने एकाविरुद्ध शिकवलेली यंत्रणा दुसऱ्यालाही ओळखते. या आधारावर माधव देव आणि सहकाऱ्यांनी गॅमा किरणांनी मारलेल्या आयसीआरसी जंतूंची लस बनवली. तमिळनाडूत सुमारे १ लाख ७१ हजार लोकांवर झालेल्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. त्यात या लसीने ६५.५ टक्के संरक्षण दिले, बीसीजी या क्षयाच्या लसीने ३४.१ टक्के. बीसीजी आणि मारलेले कुष्ठजंतू यांच्या जोडलसीचा आकडा ६४ टक्के होता. बहुविध औषधोपचारामुळे तोवर रोगच ओसरू लागला होता आणि लस सार्वत्रिक वापरात आली नाही. मुंबईत घडलेल्या या कामाची आठवण मराठीत फारशी कोणी काढत नाही, याची खंत वाटते.

आवर घालणाऱ्या पेशी : गप्प बसलेल्या यंत्रणेला गप्प कोण बसवते, या प्रश्नाने अर्धे शतक घेतले. श्रेय कोणाचे, यावर एकमत नाही. जपानमध्ये निशिझुका आणि साकाकुरा यांनी १९६९ मध्ये उंदराच्या पिलांची यौवनलोपी ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली, तेव्हा त्यांतल्या माद्यांचे बीजांडकोश नष्ट झाले. सातव्या दिवशी काढली, तर काहीच झाले नाही. त्यांनी कारण अंतःस्रावांत शोधले. १९७० मध्ये येल विद्यापीठात गेर्शॉन आणि कोंडो यांनी प्रतिसाद दाबणाऱ्या टी पेशी (यौवनलोपी ग्रंथीत तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशी) असल्याचे सुचवले आणि ‘दमनकारी टी पेशी’ हा शब्द दशकभर गाजला. मेहरा आणि ब्लूम यांनी जंतुबहुल कुष्ठातही अशा पेशी मांडल्या. या पेशींची खूण म्हणून सांगितला जाणारा ‘आय-जे’ जनुकप्रदेश १९८३ च्या सुमारास रेणवीय नकाशात सापडलाच नाही. त्याबरोबर सगळी कल्पनाच मोडीत निघाली, इतकी की पुढची काही वर्षे हा शब्द उच्चारणेही धाडसाचे ठरले.

शिमोन साकागुची त्या तीन दिवसांच्या पिलांकडे परत वळले. १९९५ मध्ये त्यांनी दाखवून दिले की सीडी २५ ही खूण बाळगणाऱ्या टी पेशी काढून टाकल्या की उंदीर स्वतःवरच उलटतो आणि त्या परत दिल्या की शांत होतो. २००१ मध्ये मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी ‘स्कर्फी’ नावाच्या, कातडी खवल्यांची होऊन लवकर मरणाऱ्या उंदरांत फॉक्सपी-३ या जनुकाचा दोष शोधला. मुलग्यांतल्या एका दुर्मीळ जन्मजात विकारामागेही हेच जनुक निघाले. दोन वर्षांनी हे जनुक साकागुचींच्या पेशींचे नियंत्रण करते असे सिद्ध झाले. या तिघांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. गेर्शॉन यांचे निरीक्षण बरोबर आणि खूण चुकीची होती, असे म्हणणारा एक पक्ष आहे. दुसरा पक्ष ही सर्वस्वी वेगळी पेशी मानतो. आज ‘नियामक टी पेशी’ हे नाव रूढ आहे. दिल्लीच्या इंदिरा नाथ यांच्या गटाने २०१४ मध्ये जंतुबहुल कुष्ठरुग्णांत फॉक्सपी-३ असलेल्या पेशी वाढलेल्या दाखवल्या, म्हणजे जुनी शंका अगदीच निराधार नव्हती.

जन्मजात अभाव : असे पाचशेच्या आसपास विकार आता जनुकांवरून ओळखले जातात. भारतात एक खूण विशेष उपयोगी पडते. बाळाला जन्मतः डाव्या दंडावर बीसीजी टोचतात. ती जागा भरून न येता वाहत राहिली, काखेत गाठी आल्या आणि सोबत वारंवार न्यूमोनिया, तोंडात पांढरी बुरशी असेल, तर टी पेशींचा गंभीर अभाव असण्याची शक्यता तपासतात. अशा बाळांत लशीतला जिवंत जंतू अंगभर पसरू शकतो. ठाणे जिल्ह्यातून अशी तपासणी करायची तर परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तविज्ञान संस्था लोकलच्या अंतरावर आहे. बाळाला ‘अशक्त’ समजून टॉनिकवर ठेवण्यात महिने जाऊ देऊ नयेत.

प्रतिपिंड तपासणी : सांधेदुखी किंवा केसगळतीसाठी लिहून दिली जाणारी ‘एएनए’ तपासणी, म्हणजे स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकांविरुद्धच्या प्रतिपिंडांचा (यंत्रणा लक्ष्यावर चिकटवते त्या प्रथिनांचा) शोध, नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंतच्या रक्ततपासणी केंद्रांत सहज होते. काचपट्टीवर वाढवलेल्या मानवी पेशींवर रुग्णाचा पातळ केलेला रक्तरस घालतात, वर चकाकणारे रंगद्रव्य. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकातून पाहिले की पेशींची केंद्रके कच्च्या कैरीसारख्या हिरव्या रंगात उजळतात, कधी सलग, कधी ठिपक्याठिपक्यांची. या पेशी स्वरयंत्राच्या कर्करोगातून मिळवल्याचे पूर्वी सांगत. त्या वस्तुतः हेन्रिएटा लॅक्स या महिलेच्या, १९५१ मध्ये घेतलेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगपेशी असल्याचे पुढे उघड झाले. अहवालातला ‘१:८०’ हा आकडा, म्हणजे रक्तरस किती पातळ करूनही केंद्रके उजळली याचे माप, वाचून घरात रडारड होते. १९९७ च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत निरोगी व्यक्तींपैकी १:४० ला ३१.७ टक्के, १:८० ला १३.३ टक्के आणि १:३२० लाही ३.३ टक्के लोक ‘पॉझिटिव्ह’ आढळले होते. लक्षणे नसताना या आकड्याला एकट्याने काही अर्थ नाही.

अलीकडील संशोधन : कोविडकाळात पॅरिस आणि न्यू यॉर्क येथील गटांनी अत्यवस्थ ९८७ रुग्ण तपासले. त्यांतल्या १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला (विषाणूंविरुद्ध पेशींना सावध करणाऱ्या प्रथिनाला) निकामी करणारी प्रतिपिंडे सापडली आणि त्या १०१ पैकी ९५ पुरुष होते. आत्मघात आणि दुबळेपणा एकाच रेणूत एकत्र आल्याचे हे उदाहरण ‘शक्ती’च्या भाषेत सांगताच येत नाही. २०२२ मध्ये अमेरिकी सैनिकांच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून एप्स्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेवर यंत्रणा उलटण्याच्या विकाराचा धोका सुमारे ३२ पट वाढतो असे दिसले. मात्र हा विषाणू बहुतेक सर्व प्रौढांत असतो, त्यामुळे तो आवश्यक असला तरी पुरेसा नाही.

कर्करोगात आवर मुद्दाम सैल करतात. टाटा स्मारक केंद्राने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत डोके-मानेच्या पुढे गेलेल्या कर्करोगात निवोलुमॅब हे आवर सैल करणारे औषध नेहमीच्या मात्रेच्या एका लहान अंशात, दर तीन आठवड्यांना २० मिलिग्रॅम, गोळ्यांच्या जोडीने दिले. एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. तंबाखूने ग्रासलेल्या आपल्या भागात, जिथे पूर्ण मात्रा घर विकूनही परवडत नाही, तिथे हा अभ्यास फार मोलाचा आहे.

खारघरच्या ॲक्ट्रेकमधील अस्थिमज्जा रोपण विभागात ४ जून २०२१ रोजी देशातली पहिली सीएआर-टी पेशी चिकित्सा झाली. यात बी पेशींच्या रक्तकर्करोगावर रुग्णाच्याच टी पेशी बदलून वापरतात. आयआयटी मुंबई, टाटा स्मारक केंद्र आणि इम्युनोॲक्ट ही कंपनी यांनी विकसित केलेल्या या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी त्याचे लोकार्पण केले. किंमत परदेशातल्या सुमारे एक-दशांश आहे. रुग्णाला काही तास यंत्राला जोडून ठेवतात. रक्त एका नळीने बाहेर येते, फिरणाऱ्या पात्रात पांढऱ्या पेशी वेगळ्या होतात, उरलेले रक्त परत जाते. रक्त गोठू नये म्हणून घातलेले सायट्रेट कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून ओठांभोवती मुंग्या येतात आणि परिचारिका कॅल्शियम देते. या पेशींना विषाणूच्या वाहकाने नवे जनुक देऊन सीडी १९ ही बी पेशींवरची (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींच्या कुळावरची) खूण ओळखायला शिकवतात, वाढवतात आणि गोठवून ठेवतात. परत देणे सलाइनच्या बाटलीइतके साधे असते. कसोटी त्यानंतर लागते. पेशी कामाला लागल्या की ताप चढतो, रक्तदाब घसरू शकतो, म्हणजे उपचार लागू पडण्याची खूण आणि धोका एकच. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत प्रतिसादाचे प्रमाण सुमारे ७३ टक्के होते.

हीच युक्ती स्वतःवर उलटलेल्या यंत्रणेवर चालेल का, हे जर्मनीत एर्लांगन येथे गेओर्ग शेट यांच्या गटाने पाहिले. २०२१ मध्ये त्यांनी २० वर्षांच्या ल्युपसग्रस्त तरुणीच्या बी पेशी या पद्धतीने पुसून टाकल्या. २०२४ पर्यंत अशा १५ रुग्णांचा वृत्तांत आला. त्यांत ल्युपसचे ८, स्नायुदाहाचे ३ आणि त्वचाकाठिण्याचे ४ रुग्ण होते. ल्युपसच्या आठही जणांत रोग शमला आणि सर्वांची प्रतिकार दाबणारी औषधे थांबवता आली. सरासरी चारेक महिन्यांनी अस्थिमज्जेतून नव्या बी पेशी तयार होऊन रक्तात आल्या. ल्युपसच्या रुग्णांत डीएनएविरुद्धची जुनी प्रतिपिंडे मात्र त्यांच्यासोबत परतली नाहीत.