नम्रता आणि स्वतःला कमी लेखणे: सन्मान स्वीकारणाऱ्या शिष्यापुढील दोन वाटा

एखाद्या ख्रिस्ती व्यक्तीचा जाहीर सत्कार होतो, तिच्या सेवेविषयी गौरवाचे शब्द बोलले जातात आणि उत्तरादाखल ती म्हणते, "मी काहीच केलेले नाही, या सन्मानास मी मुळीच पात्र नाही." ऐकणाऱ्यांना हे बोलणे नम्रतेचे वाटते आणि पुष्कळदा बोलणाऱ्यालाही तसेच वाटते. परंतु नम्रता आणि स्वतःला कमी लेखणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसत असल्या तरी त्यांची मुळे वेगळी आहेत, आणि सन्मानाच्या प्रसंगी हा फरक जितका स्पष्ट होतो तितका तो एरवी क्वचितच होतो.

जिने वर्षानुवर्षे रुग्णांची शुश्रूषा केली, तिने "मी काहीच केले नाही" असे म्हणणे प्रथमतः खरे नसते. शिवाय, ज्या देवाने तिला ती शक्ती आणि ती संधी दिली, त्याचे दानही या वाक्याने नाकारले जाते. आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. असे बोलल्यावर समोरच्यांना "छे, तुम्ही तर किती केले" असे म्हणावेच लागते, म्हणजे स्वतःकडून लक्ष वळवण्यासाठी उच्चारलेले शब्द ते पुन्हा स्वतःकडेच खेचून आणतात. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या, बायबलमधील पत्राच्या १२व्या अध्यायात प्रत्येकाने स्वतःला योग्यतेपेक्षा अधिक मानू नये, तर समंजसपणे मानावे, असे सांगितले आहे. योग्यतेपेक्षा कमी मानावे, असे तो सांगत नाही.

नम्रता म्हणजे काय, हे योहानकृत शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात जितके उघड दिसते तितके मला अन्यत्र दिसत नाही. शिष्यांचे पाय धुतल्यावर येशू म्हणतो की, तुम्ही मला गुरू व प्रभू म्हणता आणि ते योग्यच आहे, कारण मी तसा आहे. बहुमानाची ती नावे तो नाकारत नाही आणि त्यांबद्दल संकोचही दाखवत नाही. मात्र ज्याला प्रभू म्हटले जाते त्यानेच भोजनावरून उठून कमरेला रुमाल बांधलेला असतो, आणि मीच तुमचे पाय धुतले असतील तर तुम्हीही एकमेकांचे धुवावेत, असे त्या नावाच्या अधिकारानेच तो सांगतो. याच प्रसंगी त्याचा शिष्य पेत्र आपले पाय धुऊ देण्यास नकार देतो. त्याचा नकार वरकरणी अत्यंत लीन वाटतो, पण येशू त्याला उत्तर देतो की, मी तुला धुतले नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. जे प्रेमाने दिले जाते ते घेण्यास नकार देणे, मग तो नकार कितीही आदराचा असो, शिष्यत्वात बसत नाही. बेथानीत एका स्त्रीने मौल्यवान सुगंधी तेल येशूच्या मस्तकावर ओतले, तेव्हा इतरांनी ती उधळपट्टी ठरवली, पण त्याने तो मान स्वीकारला आणि तिची बाजू घेतली.

याचा अर्थ कोणताही सन्मान नाकारू नये, असा नाही. लुस्त्र नगरात लोक पौल व त्याचा सहकारी बर्णबा यांना देव समजून यज्ञ करायला निघाले, तेव्हा दोघांनी आपली वस्त्रे फाडली आणि आम्हीही तुमच्यासारखीच माणसे आहोत, असे ओरडून सांगितले, कारण तिथे माणसाला देवाची जागा दिली जात होती. कैसरियात हेरोद राजाचे भाषण ऐकून लोकांनी ही देवाची वाणी आहे असा जयघोष केला. हेरोदावर ओढवलेल्या मृत्यूच्या शिक्षेचे बायबलमधील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात दिलेले कारण एवढेच आहे की, त्याने देवाला गौरव दिला नाही.

लूककृत शुभवर्तमानाच्या १७व्या अध्यायातील "आम्ही निरुपयोगी दास आहोत" हे वचन येथे अनेकांना आठवेल. ते संपूर्ण वाचले तर त्याच दमात दास म्हणतो की, आम्ही आमचे कर्तव्य केले आहे. काम झाल्याचे तो लपवत नाही, त्या कामाच्या बळावर धन्याकडे हक्क मात्र मागत नाही. नम्रता आणि आत्मनिंदा यांमधील अंतर याच एका वाक्यात मावते, असे मला वाटते.

बाप्टिस्ट पाळक मार्टिन ल्यूथर किंग यांना १९६४ साली, वयाच्या ३५व्या वर्षी, नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. त्यांनी ते नाकारले नाही. नागरी हक्क चळवळीच्या वतीने त्यांनी ते स्वीकारले, विमानाच्या प्रवासात वैमानिक सर्वांना दिसतो पण जमिनीवर राबणारे अज्ञात राहतात, असे सांगून त्या अज्ञातांचे स्मरण केले आणि सुमारे ५४ हजार डॉलरची रक्कम चळवळीस दिली. स्वतःविषयी वाईट न बोलताही प्रकाश दुसऱ्यांवर कसा पाडता येतो, हे यात दिसते.

म्हणून सत्काराला उत्तर देताना शिष्याने प्रथम साधेपणाने आभार मानावेत, झालेले काम झाले असे म्हणावे, देवाने काय दिले ते स्पष्ट सांगावे आणि सहकाऱ्यांचा उल्लेख "सर्वांचे सहकार्य लाभले" एवढ्यावर न आटोपता कोणी नेमके काय केले ते सांगावे. यानंतरची कसोटी व्यासपीठावर होत नाही. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या ६व्या अध्यायात लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करणाऱ्यांविषयी येशू म्हणतो की, त्यांना त्यांचे प्रतिफळ मिळून चुकले आहे. तेथील मूळ ग्रीक क्रियापद त्या काळी रक्कम पूर्ण मिळाल्याच्या पावतीवर लिहिले जात असे. सत्कारानंतरच्या सकाळी, ज्या कामाकडे कोणाचेच लक्ष जात नाही ते आता आपल्या योग्यतेचे नाही असे वाटू लागले, तर ती पावती आपणही मनात फाडून घेतली आहे काय, हे शिष्याने प्रार्थनेत प्रामाणिकपणे तपासावे आणि त्याच दिवशी ते काम पुन्हा हाती घ्यावे.