निद्रावस्था, संगणकाची

संगणक पूर्ण बंद न करता वीजवापर किमान पातळीवर आणणारी आणि चालू काम जागच्या जागी राखणारी स्थिती. बोलण्यात ‘स्लीप’ हाच शब्द रूढ आहे. या स्थितीत चालू प्रोग्रॅम मरत नाही, गोठतो. नेटवरची जोडणी मात्र बहुधा तुटते. डाउनलोडविषयीचे बहुतेक घोळ या फरकातून होतात.

उगमाबाबत मतभेद आहेत. काहीजण १९८३च्या टीआरएस-८० मॉडेल १०० या छोट्या संगणकापर्यंत मागे जातात. बटण बंद केल्यावरही त्याच्या स्मृतीतील मजकूर बॅटरीवर टिकत असे. परंतु स्मृती टिकणे आणि सगळी यंत्रणा गोठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९८९च्या मॅकिंटॉश पोर्टेबलमध्ये झोपेची सोय होती. १९९०मधील इंटेल ३८६एसएल प्रोसेसरने वीज वाचवण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमच्या नकळत यंत्राचा ताबा घेण्याची युक्ती आणली. पीसीपुरता आरंभ येथून मानणे अधिक सयुक्तिक वाटते. १९९२च्या एपीएम या वीज-व्यवस्थापनाच्या मानकात झोपेच्या निर्णयाचा मोठा भाग बायोसकडे (यंत्र सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमकडे) होता. इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांच्या डिसेंबर १९९६मधील एसीपीआय मानकाने तो ऑपरेटिंग सिस्टिमकडे सोपवला. ‘काम चालू आहे, झोपू नकोस’ असे प्रोग्रॅमला ऑपरेटिंग सिस्टिमला सांगता येते, त्याची आजची रीत या व्यवस्थेवर उभी आहे.

एसीपीआयमध्ये एस-० (जागा) ते एस-५ (बंद) अशा पायऱ्या आहेत. वापरणाऱ्याच्या दृष्टीने त्यांतील दोन महत्त्वाच्या. एस-३मध्ये प्रोसेसर, डिस्क व बहुतेक सुटे भाग बंद होतात, फक्त रॅमला वीज मिळत राहते. एस-४ म्हणजे हायबरनेट : रॅममधील मजकूर डिस्कवर उतरवून वीज पूर्ण तोडली जाते. विंडोज १०मध्ये यासाठी राखलेली फाइल सामान्यतः रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे १६ जीबी रॅमला सुमारे ६.४ जीबी. नव्या लॅपटॉपांत एस-३ पुष्कळदा नसतेच. तेथे मॉडर्न स्टँडबाय असते. विंडोज ८च्या कनेक्टेड स्टँडबायची ही पुढची आवृत्ती. यंत्र नावापुरते एस-०मध्येच राहून डुलकी काढते, मेल येत राहते. त्यामुळे डाउनलोडही चालू राहील असा समज होतो, पण साधे डेस्कटॉप प्रोग्रॅम, ब्राउझरसह, या काळात रोखले जातात.

डाउनलोड तुटण्याची क्रिया अशी. ५० एमबीपीएसच्या जोडणीवर ४० जीबीची फाइल उतरायला सुमारे पावणेदोन तास लागतात. झोपेची मुदत ३० मिनिटांची असेल आणि प्रोग्रॅमने जागे ठेवण्याची विनंती केली नसेल, तर जेमतेम ११ जीबी पदरात पडतात. नेटवर्क कार्ड बंद होताच सर्व्हरला पोच मिळणे थांबते. एनजिनएक्स व अपाची या दोन्ही सर्व्हरांची मूळ मुदत ६० सेकंदांची आहे. तेवढ्यात काही सरकले नाही तर ते सहसा जोडणी सोडतात. मधल्या राउटरच्या नॅट कोष्टकातील (कोणती जोडणी कोणत्या संगणकाची याच्या यादीतील) नोंदही पुसली जाते. मानकाची शिफारस अशी नोंद किमान २ तास ४ मिनिटे ठेवण्याची आहे, पण सोसायटीत केबलवाल्याकडून येणाऱ्या नेटवर, जिथे एकाच पत्त्यामागे अनेक घरे असतात, त्यावर विसंबू नये. जागा झालेला संगणक मात्र जोडणी जिवंत आहे असे धरून वाट पाहत बसतो. प्रगतीची पट्टी हलत नाही, चूकही दाखवली जात नाही. ही स्थिती याच काळातली.

पुढे काय होते ते सर्व्हरवर अवलंबून. सर्व्हर ‘अमुक बाइटपासून पुढे दे’ ही मागणी मानत असेल आणि फाइल बदललेली नसेल, तर २०६ या उत्तर-क्रमांकासह उरलेला भाग येतो. नाहीतर २००, म्हणजे पहिल्यापासून. ठरावीक मुदतीच्या दुव्याची मुदत संपली असेल तर ‘रिझ्यूम’ चालत नाही, नवा दुवा घ्यावा लागतो. टॉरेंटमध्ये (फाइल तुकड्यातुकड्यांनी अनेक संगणकांकडून घेण्याच्या पद्धतीत) प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे पडताळला जात असल्याने नुकसान अर्धवट तुकड्यांपुरतेच होते. विंडोजमधील बिट्स ही मागच्या मागे फाइल उतरवणारी सेवा (विंडोज एक्सपीपासून, २००१) तर खंड पडणारच असे धरूनच रचलेली आहे.

नेटशी संबंध नसलेले काम, उदा. व्हिडिओ रेंडर करणे, जागे झाल्यावर थांबले तिथून पुढे सरकते. अडचण येते ती बाहेरच्या आधाराची : यूएसबी डिस्कवरील कॉपी, व्हीपीएन, बँकेचे सत्र. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या छोट्या कचेरीत हिशेबाचा डेटा एकाच पीसीवर असेल, तर तो पीसी झोपताच बाकीच्या टेबलांवरची कामे अडतात. अशा पीसीची झोप ‘नेव्हर’वरच ठेवावी. रात्री दोनचा बॅकअप झोपेत हुकतो. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये त्यासाठी यंत्राला जागे करण्याचा पर्याय आहे. लिनक्सचे ठरल्या वेळी कामे चालवणारे क्रॉन हुकलेले काम भरून काढत नाही, अ‍ॅनाक्रॉन काढते.

एस-३ विजेवर जगते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईसह ठाणे व नवी मुंबईत वीज गेली, तशा प्रसंगी यूपीएस नसलेला झोपलेला डेस्कटॉप न जतन केलेले सगळे गमावतो. हायबरनेट केलेला गमावत नाही. लॅपटॉपची गोष्ट निराळी. ठाण्याला झाकण मिटून ट्रान्स-हार्बर लोकलने वाशीला उतरेपर्यंत बॅटरी पुरते, पण जोडलेले यंत्र नाही म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट एव्हाना स्वतःच बंद झालेला असतो. झाकणासाठी ‘डू नथिंग’ निवडून लॅपटॉप बॅगेत टाकू नये, तो तापतो.

प्रोग्रॅमची विनंती फक्त आपोआप येणारी झोप अडवते. झाकण मिटणे किंवा स्वतः ‘स्लीप’ निवडणे तिला जुमानत नाही. मॉडर्न स्टँडबायच्या लॅपटॉपवर बॅटरी चालू असताना झोपेची मुदत उलटल्यावर ५ मिनिटांनी ही विनंतीही रद्द होते, म्हणून मोठी फाइल उतरवताना चार्जर लावलेला असावा. कोण जागे ठेवत आहे हे ‘पॉवरसीएफजी’ आज्ञेच्या ‘रिक्वेस्ट्स’ पर्यायाने दिसते. त्यासाठी कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडावा लागतो. यंत्रात एस-३ आहे की मॉडर्न स्टँडबाय, हे त्याच आज्ञेच्या ‘ए’ पर्यायाने कळते. मॅकवर ‘कॅफिनेट’ ही आज्ञा जागे ठेवण्याचे काम करते.